थोरलीचा पडदा

१

दुपारची जेवणं आटोपली, भांडी घासून पालथी घातली, की पुढचा वेळ माझा. त्यात कोणी आलं तर मी त्याला सरळ ओसरीत बसवून ठेवते. कूलर लावायचा, खिडकीखाली चटई टाकायची अन् क्रोशाची सुई हातात घ्यायची. मांडीला लागून स्टीलचा डबा, डब्यात सुताची गुंडी. गुंडी उघड्यावर ठेवली तर घरभर लोळते अन् मळते. डब्यात असली की सूत ओढावं तशी आत फिरते अन् पत्र्याला लागून खुळूक वाजते. लग्नाच्या आधीपासून मी हा आवाज ऐकत आले. तो आवाज म्हणजे माझी दुपार.

ही विद्या माझ्या आईची. ती अमरावतीला मिशनच्या एका म्हाताऱ्या बाईंकडे शिकली. त्या बाईंच्या मुलखात म्हणे उशीवर टाचण्या टोचून, लाकडाच्या बारीक कांड्यांना सूत गुंडाळून लेस करायचे, अन् एका रुमालात अख्खा हिवाळा जायचा. इथे त्यांना ना तशा कांड्या मिळाल्या ना तेवढी फुरसत, मग एका सुईवर भागवलं. साखळी, खांब, मुका खांब, एवढ्यावर सगळं. खांबांनी भरली की भरीव चौकट, मधे नुसती साखळी सोडली की पोकळ चौकट. त्यातून पोपट, मोर, वेल, हवं ते निघतं. आईनं मला शिकवलं, मी माझ्या प्रणालीला. प्रणालीचा हात चांगला, पण पोट्टी घाईची. भरीव चौकटीत एक खांब हमखास विसरते, मग चौकटीला फट राहते. घरात आम्ही त्याला 'तिरळी चौकट' म्हणतो. किती बोलले असेन मी तिला त्यावरून!

तर प्रणालीचं लग्न ठरलं, बार्शीटाकळीच्या जानरावांच्या धाकट्या मुलाशी, पियुषशी. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाला अन् निघताना जानरावांच्या बायकोनं, तानुबाईंनी, माझ्या हातात एक प्लास्टिकची थैली कोंबली.

"आमच्या थोरल्या सुनेनं दाराचा पडदा इनाले घेतला होता, अर्धाच राह्यला," त्या म्हणाल्या. "सूत भारी हाये. तुमी पुरा करा अन् पोरीच्या रुखवतात मांडा. वाया कायले जाऊ द्याचं?"

थोरली म्हणजे पौर्णिमा. मागच्या उन्हाळ्यात झोपेत अटॅक आला अन् गेली, असं आम्हाला सांगितलं होतं. सव्वीस वर्षांची धडधाकट बाई! तिचा नवरा आता पुण्याला नोकरीला आहे.

माझं डोकं सणकलं. माझ्या पोरीच्या रुखवतात गेलेल्या बाईचं अर्धवट काम मांडायचं? का, आमच्या घरी सूत नाही की आम्हाला हात नाहीत? मी तोंड उघडणार तोच आमच्या ह्यांनी माझा कोपर दाबला. ह्यांचा भाजी बाजारात गाळा आहे. दिवसभर गिऱ्हाइकाला 'हो जी, हो जी' करून ह्यांना तीच सवय लागली आहे.

"कायले डोकं गरम करून राहिली?" घरी आल्यावर म्हणाले. "सोयरीक चांगली हाये, सत्यवती. चार ओळी मारून दे अन् मोकळी हो."

मी थैली कपाटावर फेकली. पण लग्नाची तारीख जवळ आली तशी ती खाली काढावी लागली.

२

पडदा खालून वर विणलेला होता. खाली पोपटांची किनार, त्यावर वेल, त्यावर पोकळ चौकटींच्या साध्या ओळी, अन् तिथेच थांबलेला. थांबलेला म्हणजे कसा, तर शेवटचा खांब अर्धा. मला तिथेच खटकलं. दूध उतू जाऊ दे की दारात पाहुणा येऊ दे, बाई हातातला खांब पुरा करते, शेवटची कडी लांब ओढून ठेवते अन् मगच उठते. नाहीतर सगळं उसवतं. हे कोणाला शिकवावं लागत नाही.

प्रत्येकीचा हात वेगळा असतो. माझा सैल, माझ्या चौकटीतून वारा जातो. पौर्णिमाचा घट्ट. इतका घट्ट की सुई घुसवताना माझं बोट दुखायला लागलं. दात-ओठ खाऊन विणल्यासारखं काम होतं ते. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण त्या पडद्यावरून मला वाटलं, ही बाई आपल्यासारखीच रागीट असणार.

मी तो अर्धा खांब पुरा केला. मधोमध मोर काढायचा ठरवला, त्याआधी थोड्या पोकळ ओळी घातल्या. कूलर घरघरत होता, डबा खुळूक-खुळूक वाजत होता. चारच्या सुमाराला कडी लांब ओढली, पडद्याची घडी केली अन् चहा ठेवायला उठले.

दुसऱ्या दुपारी घडी उघडली तर वरच्या ओळीत दोन ठिकाणी भरीव चौकटी. जवळजवळ, थोडं अंतर सोडून. मी तिथे भरीव काही केलं नव्हतं.

डुलकी लागली असेल, म्हटलं. पन्नाशीला आलेली बाई, बाहेर पंचेचाळीसचं ऊन, झोपेत हात चालला असेल. सवयीचा हात आहे. मी ती ओळ उसवली अन् पुन्हा पोकळ घातली. बोटानं चाचपून पाहिली, सैल होती, माझी होती.

तिसऱ्या दुपारी भरीव चौकटी परत तिथेच होत्या. अन् त्यांच्यावर एक नवी ओळ होती. बोट लावलं तर दगडासारखी घट्ट.

३

संध्याकाळी प्रणाली लॅबमधून आली. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे ती. तिच्या हातात पाण्याचा पेला द्यायच्या आधी मी पडदा तिच्यापुढे धरला.

"हे तू केलं का वं?"

"मी कधी करीन, आई? सकाळी नऊले जातो मी," ती म्हणाली. मग तिनं चौकट निरखून पाहिली. "अन् मी केली असती तर तिरळी नसती का आली?"

तेही खरंच होतं. ह्यांना विचारण्यात अर्थ नव्हता, ह्यांना सुई कोणत्या बाजूनं धरतात ते माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कामाला गेल्यावर मी पडदा, सुई अन् गुंडीचा डबा, सगळं लोखंडी कपाटात ठेवलं, किल्ली कमरेला खोचली. कोणी माझी थट्टा करत असेल तर त्याचा हात मोडून ठेवीन, असं मोठ्यानं म्हटलंसुद्धा. घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

त्याच दुपारी लाइट गेली. कूलर बंद पडला की घर किती मुकं होतं! गल्लीत माणूस नाही, कुत्रं नाही. मी स्वयंपाकघरात लोणच्यासाठी कैऱ्या फोडत होते. विळी बाजूला सारली अन् ऐकलं.

खुळूक.

मधल्या खोलीतून. मग थोडं थांबून पुन्हा, खुळूक. उंदीर असेल, म्हटलं. उंदीर पळतो, थांबतो, कुरतडतो. हा आवाज तसा नव्हता. साखळी घातली की सूत थोडं ओढलं जातं, खांब घातला की जास्त. मी उभी राहून ऐकत होते अन् मला कळत होतं, आता साखळी चालू आहे, आता खांब, आता खांब, आता ओळ वळवली. कोणीतरी घाईघाईनं, दम न खाता विणत होतं. माझ्याच कपाटात बसून.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण भीतीपेक्षा संताप जास्त आला. माझं घर, माझं कपाट, माझी सुई! मी तरातरा गेले, किल्ली लावली अन् दार खाडकन उघडलं.

आत माझ्या साड्या, ह्यांचे कागद, खालच्या खणात डबा. डब्याचं झाकण लावलेलं. झाकण काढलं तर गुंडी आत हळूहळू फिरत होती. फिरता फिरता थांबली. पडदा वीतभर वाढला होता अन् सुई त्यात अडकवलेली होती. सुईची दांडी हातातून आत्ताच सुटल्यासारखी गरम होती.

लोखंडी कपाट, उन्हाळा, लोखंड तापतंच, असं मी मनाला सांगितलं. पण बाकीचं कपाट गार होतं.

४

मी पडदा चटईवर पसरला अन् उभं राहून पाहिला.

पाय होते. दोन पाय, त्यावर लुगड्याचा घोळ, अन् घोळ वर गुडघ्यापर्यंत येऊन थांबलेला. उजव्या घोट्याला तोरडी, चौकटी बरोबर बाहेर काढून दाखवलेली. डावा घोटा मोकळा. एवढी बारीक कारागिरी करणारी बाई दुसरी तोरडी विसरेल का?

अन् बोटं खाली होती. उभ्या बाईचे पाय काढायचे तर तळवा आडवा भुईला टेकवतात, लहान पोरगीसुद्धा तसंच काढेल. इथे बोटं खाली लोंबत होती आणि बोटांखाली माझ्याच हाताच्या पोकळ ओळी होत्या. मला काय दिसतंय ते मला कळलं होतं. झोपेत अटॅक आला म्हणे. झोपेत!

"तुले काहीबाही दिसते," हे रात्री जेवताना म्हणाले. "बाहुलं हाये ते. हात फिरला असन तुहा."

"मग हा हात माझा हाये का, पाहा," मी पडदा त्यांच्या ताटाजवळ आपटला. त्यांनी पाहिला नाही. पाहिला असता तर बोलावं लागलं असतं, अन् पाहुण्यांना पत्रिका वाटून झाल्या होत्या.

दोन दिवस मी कपाट उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आतून आवाज आला नाही, म्हणून उघडलं. पडदा वाढला नव्हता. मी सुटकेचा श्वास टाकला, घडी उलगडली, अन् खाली बसले.

एकदा विणलेली ओळ बदलत नाही. वरून उसवावं लागतं, दुसरा रस्ताच नाही. क्रोशात एवढी एक गोष्ट पक्की. पण खालच्या जुन्या ओळींत, पहिल्या पायांच्या शेजारी, जिथे आधी नुसत्या पोकळ चौकटी होत्या, तिथे आता आणखी दोन पाय होते. बोटं खाली. दोन्ही घोट्यांना तोरड्या, साक्षगंधात प्रणालीला घातल्या तशा घुंगरांच्या.

मी चष्मा पुसला अन् नाक लावून पाहिलं. हे काम घट्ट हाताचं नव्हतं. प्रत्येक भरीव चौकटीत एक खांब कमी होता. प्रत्येक चौकट तिरळी होती.

५

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ह्यांना म्हटलं, पडद्याचं माप घ्यायला बार्शीटाकळीला जायचं आहे. ते तोंड वाकडं करत आले. पडदा दाराला लावून पाहिल्याशिवाय वरची पट्टी घालता येत नाही, हे कोणालाही पटणारं कारण होतं.

तानुबाईंनी चहा केला, चिवडा दिला, गोड गोड बोलल्या. जानराव शेतात गेले होते. ज्या खोलीत माझी पोरगी राहणार होती ती मागच्या बाजूला. नवीन गुलाबी रंग, नवीन पलंग, अजून प्लास्टिक न काढलेली गादी. वर लोखंडी गर्डरला पाळण्याची कडी असते तशी जागा होती. कडी नव्हती. करवतीनं कापलेलं लोखंडाचं बूड होतं, त्यावर दोनदा रंग मारलेला.

"कडी काहून कापली?" मी विचारलं.

"गंजली होती जी," तानुबाई म्हणाल्या अन् चहाची कपबशी आणायला गेल्या.

मी खुर्चीवर चढले, पडदा दोन्ही हातांनी चौकटीला धरला. रुंदीला सूतभर इकडे नाही की तिकडे नाही. हे आत खोलीत नुसते उभे. बाहेर अंगणात ऊन रणरणत होतं. ते पडद्याच्या पोकळ चौकटींतून आत आलं अन् समोरच्या गुलाबी भिंतीवर पडद्याची सावली पडली. पोपट, वेल, पाय. चार पाय.

माझे हात दुखत होते, पण मी पडदा गच्च धरला होता, तसूभर हलू दिला नव्हता. वारा नव्हता. पंखा बंद होता. तरी भिंतीवरचे उजव्या बाजूचे, दोन्ही घोट्यांना तोरड्या असलेले पाय हलत होते. हळूहळू, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"अवो, पाहून राहिले का?" मी ह्यांना विचारलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तेवढ्यात तानुबाई कपबशी घेऊन घरातल्या बाजूच्या दारानं आत आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पडद्याकडे पाहिलं नाही. त्यांची नजर सरळ भिंतीवर गेली अन् तिथेच राहिली. मग त्या अगदी साध्या आवाजात, चुकलेला हिशेब दुरुस्त करावा तशा, म्हणाल्या, "दुसरी तोरडी तर खाली पडली होती."

मी खुर्चीवरून उतरले. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला होता. "झोपेत अटॅक आलेल्या बाईची तोरडी पायातून खाली पडते का, तानुबाई? पलंगावर झोपलेल्या बाईची? कुठून खाली पडली? सांगा ना! वरून कुठून पडली?"

त्या ओरडायला लागल्या, मी काही म्हटलंच नाही, तुमची बाई वेडी आहे, घेऊन जा हिला. मी पडदा काखेत मारला. जाता जाता त्या गुलाबी भिंतीवर थुंकले, अन् त्याची मला आजही लाज वाटत नाही. लग्न तिथेच मोडलं. अकोल्याला बसमधून उतरताना हे म्हणाले, "हलत होते, सत्यवती. मीबी पाह्यले."

६

लग्न मोडलेल्या पोरीच्या आईला लोक काय काय बोलतात ते बोलले. मी प्रत्येकाला दारातच उत्तर दिलं. प्रणाली दोन दिवस रडली, मग तिसऱ्या दिवशी डबा घेऊन लॅबला गेली. मी पोलिसांत जाऊन आले. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी पाजलं अन् विचारलं, बाई, यात कागदावर काय लिहू? पौर्णिमाच्या माहेरी फोन केला. तिचा बाप म्हणाला, आता कायले उकरता माय. मला त्याचासुद्धा राग आला.

घरी येऊन पडदा उघडला तेव्हा प्रणालीचे पाय गेले होते. उसवलेले नाही, कापलेले नाही. चौकटी पोकळ होत्या अन् पहिल्यासारख्या पौर्णिमाच्या घट्ट हाताच्या होत्या. मी तिथेच चटईवर बसून हमसून रडले. पौर्णिमाचे पाय होते तसेच राहिले. मी तिला मोठ्यानं म्हटलं, "झालं बाई तुझं काम. वाचवलं तू माझ्या पोरीला. आता झोप." पडदा मलमलीच्या फडक्यात बांधला अन् कपाटात ठेवला.

जवळपास पंधरवडा घर शांत होतं. मी दुसरं सूत काढलं, रुमालाची नवी लेस सुरू केली.

मग काल ह्यांनी बाजारातून बातमी आणली. पियुषचं जमलं. बाळापूरची पोरगी, घरचे फुलांच्या धंद्यातले, गरीब माणसं. आठ दिवसांत साक्षगंध. "आपल्याले काय करायचं?" म्हणाले, पण माझ्याकडे पाहत म्हणाले.

बातमी ऐकून मी चहाचं भांडं खाली ठेवलं अन् कपाटातून आवाज आला. खुळूक.

कपाट उघडून फडकं सोडलं तर पौर्णिमाच्या शेजारी पुन्हा दोन पाय होते. बारीक, लहान. तोरड्या अजून नव्हत्या. चौकटी तिरळ्या नव्हत्या, घट्ट नव्हत्या, सैलही नव्हत्या. हा हात माझ्या ओळखीचा नव्हता. खांब नेहमी एका बाजूला झुकतात. हे उलटे झुकलेले होते. सुई डाव्या हातात धरणाऱ्या बाईचे असे येतात.

आज सकाळी मी बाळापूरची बस धरली. कोणाला विचारलं नाही. पत्ता शोधत शोधत फुलवाल्यांचं घर सापडलं. ओसरीत शेवंतीचा ढीग होता, बायका हार गुंफत बसल्या होत्या. मी अकोल्याहून आले, लग्नाबद्दल बोलायचं आहे, एवढं सांगितलं. त्यांना वाटलं मी मुलाकडची. लगबगीनं सतरंजी टाकली, पंखा लावला, आत हाक मारली, "गीतांजली, पाहुण्याइले पानी आन वं."

पोरगी आली. वीस-एकवीसची, ओढणी नीट डोक्यावर घेतलेली. पायात काही नव्हतं. ती माझ्यापुढे वाकली अन् पाण्याचा पेला पुढे केला.

"किती बार सांगतलं तुले," तिची आई तिच्यावर खेकसली, "पाहुण्यापुढं डावा हात करू नये म्हनून!"

पोरगी ओशाळली, पेला घाईघाईनं उजव्या हातात घ्यायला लागली. मी तिचा डावा हात मनगटापाशी धरला अन् सोडला नाही. दुसऱ्या हातानं पिशवीची गाठ सोडायला लागले. पिशवीत डबा नव्हता, गुंडी नव्हती, फक्त फडक्यात बांधलेला पडदा होता. तरी आतून खुळूक-खुळूक आवाज येत होता, अन् तो त्या पोरीलाही ऐकू येत होता.